भुऱ्याचा पाय आणि आजोबांचा पाना

ओम, ईशा, तुमच्या कुत्रीच्या पायाचं ऑपरेशन ठरलंय असं कळलं, म्हणून हे आत्ताच सांगून ठेवते. दर्यापूरला मी आणि तुमच्या आजोबांनी आमच्या भुऱ्या कुत्र्याचा पाय आठवडाभर लांबवला आणि तो केसभरही लांबला नाही.

पिल्लू असताना भुऱ्या बैलगाडीच्या चाकाखाली आला. पुढचा एक पाय वाढायचा थांबला, शिवाय वाकडाही झाला. अकोल्याच्या डॉक्टरांनी हाड कापून सरळ केलं, पायाभोवती स्टीलची कडी बसवली आणि मला दाखवलं, "रोज हे नट थोडे थोडे फिरवा. कडी एकमेकांपासून लांब सरकतील, मधल्या फटीत नवं हाड भरेल. हयगय केलीत तर फट आधीच जुळेल. मग हा जन्मभर तीन पायांवर!"

त्या वर्षांत कापसाला कोणी विचारत नव्हतं. गावात हसू महाग झालं होतं. पण भुऱ्याला बघायला आमच्या अंगणात माणसं जमायची. शेजारच्या शेवंताबाई म्हणाल्या, "बाई, इथं माणसाचे हाल कुत्रं खाईना, अन् तुमी कुत्र्याले तोडे घातले!" आणि तोंडाला पदर लावून कितीतरी वेळ हसत राहिल्या.

मी रोज सकाळी पूजेआधी नट फिरवायचे. (शिस्त म्हणजे शिस्त!)

तपासणीला अकोल्याला गेलो. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरला. "मॅडम, नट फिरवलेच नाहीत?"

माझा संताप झाला. त्यांची पदवी, त्यांची कडी, त्यांचं एक्स-रे मशीन, सगळ्यांचा मी इंग्रजीत उद्धार केला! तेवढ्यात आजोबा खाकरले.

"एक सांगू काय? ते नट रोज ढिले होऊन राह्यलते. मी संध्याकाळी पान्यानं आवळून टाकत होतो."

"अहो, पण का?"

"आता ढिला नट पाहून माणूस गप कसा बसन? फवारणीचा पंप असो का कुत्रा!"

डॉक्टर हसून हसून स्टुलावर बसले. "नशीब, फट अजून जुळली नाही. आता एकानंच फिरवा!"

घरी येताच मी पाना तांदळाच्या डब्यात लपवला. पुढे भुऱ्या चारी पायांवर उभा राहिला आणि त्यानं पहिली धाव घेतली ती थेट शेवंताबाईंच्या भाकरीवर.

"घ्या!" त्या ओरडल्या. "आता चोरीलेबी चार पाय झाले!"

भुऱ्या गेला, आजोबाही गेले. मोरीतला नळ मात्र त्यांनी आवळला तसाच आहे, कुणालाच उघडत नाही. मी, इंग्रजीची एम. ए., रोज अंगणातून बादली भरून आणते.