सावळीरामचा नरसिंह

सावळीराम भोयेच्या गाडीत बसलं की माणूस एका दिवसात त्रेतायुगातून निघून थेट वाईनच्या कारखान्यात उतरतो. सकाळी रामकुंड, काळाराम, सीतागुंफा. मग पांडवलेणीच्या पायऱ्या, मग मिसळ आणि उन्हं कलली की द्राक्षाच्या मळ्यात हातात ग्लास. सीतागुंफेत वाकून शिरताना पुण्या-मुंबईच्या पोटांचे जे हाल होतात, ते बघून तो गंभीर चेहऱ्याने म्हणतो, "साहेब, वनवासात जेवण बेताचंच होतं." लोक हसतात. लेणी पांडवांची नाहीत, बौद्ध भिक्खूंची आहेत, हेही तो नीट समजावून सांगतो. ऐकून झाल्यावर कुणीतरी विचारतंच, "मग भीम कुठल्या खोलीत झोपायचा?"

सावळीराम मूळचा पेठच्या डोंगरातल्या पाड्यावरचा, कोकणा आदिवासी. वडील भात-नागली काढून झाली की द्राक्षाच्या बागांवर मजुरीला यायचे. त्यातल्याच एका बागेच्या जागी आता रिसॉर्ट झालंय आणि तिथं सावळीराम गळ्यात ओळखपत्र अडकवून पाहुण्यांची वाट बघत उभा असतो. वडील ज्या बांधावर भाकर सोडायचे, तिथं फोटो काढायला लाकडी चौकट लावलीय. एका पिढीत एवढी प्रगती म्हणजे काही थोडी नाही.

पाड्यावर त्याला मान होता, तो मात्र ओळखपत्राचा नव्हे. तिथं दर उन्हाळ्यात बोहाडा होतो. देवांचे, राक्षसांचे मोठाले मुखवटे बांधून संबळाच्या तालावर रात्रभर एकेक सोंग नाचत येतं. कुठलं सोंग कुणाचं, हे घराण्यानं ठरलेलं. नरसिंह भोयांचा. तो सगळ्यांत शेवटी निघतो, उजाडताना. वडिलांचे गुडघे गेल्यापासून तो मुखवटा सावळीरामच बांधायचा. वर्षभर 'ओ गाईड' ही हाक ऐकणाऱ्या माणसाच्या पायांवर त्या सकाळी पाड्यातल्या बाया पाणी घालायच्या. त्यात त्याची स्वतःची आई झुंबरबाईही असायची, आणि त्या घटकेला ती त्याला मुलगा समजत नसे.

ही गोष्ट सावळीरामने एकदा रिसॉर्टच्या मॅनेजरला, शेखर साहेबांना, कौतुकाने सांगितली. तिथंच माती खाल्ली.

"हे आपल्याकडे का नाही मग?" साहेब म्हणाले. "शनिवारी संध्याकाळी, लॉनवर. सनसेट, वाईन आणि तुझा तो सिंह!"

"साहेब, तो बोहाड्याशिवाय निघत नाही. देव आहे."

"अरे, देवाचाही ऑफ सीझन असतोच की!"

सावळीराम नाही म्हणाला. पुढच्या आठवड्यात पुन्हा नाही म्हणाला. मग साहेबांनी मोबाइलवर एका नाचपार्टीचे फोटो दाखवले. गवताचे घागरे, डोक्यात कोंबडीची पिसं, तोंडाला काळं. "हे लोक तयार आहेत. 'नाशिकचे आदिवासी' म्हणून छान चालेल." आपल्या सात पिढ्यांत कुणी गवत नेसल्याचं सावळीरामला आठवेना. त्याचं डोकं फिरलं. असलं सोंग दाखवून आपली लाज काढण्यापेक्षा खरं काय ते आपणच दाखवू, असं त्याने ठरवलं. साहेबांना माणसं ओळखता येत होती, एवढं मान्य करायला हवं.

वाटही त्याने शोधली. घरचा मुखवटा माळ्यावर फडक्यात बांधलेला होता, त्याला हात लावला नाही. लगद्याचा नवा मुखवटा करून घेतला. त्याची पूजा नाही, धूप नाही, पायांवर पाणी नाही. "आई, नुसता कागद हाय तो," त्याने झुंबरबाईला सांगितलं. मग पाड्यावरच्या धाकलू संबळवाल्याला गाडीत घालून तो लॉनवर घेऊन आला. नरसिंह नाचायचा म्हटल्यावर धाकलूने नरसिंहाची चाल वाजवली. दुसरी कुठली वाजवणार?

टाळ्या पडल्या. व्हिडिओ निघाले. पाड्यावर पाण्याची टाकी यायला किती वर्षं लागली देव जाणे, पण व्हिडिओ दोन दिवसांत पोचला.

बोहाड्याच्या आधी सोंगं पक्की करायला मारुतीपुढच्या ओट्यावर दुपारी बैठक बसते. तिथं रावजीबाबांनी, म्हणजे पाड्याच्या कारभाऱ्यांनी, सावळीरामला समोर बसवलं.

"बाबा, आपला मुखवटा माळ्यावर हाय. जाऊन बघा," सावळीराम म्हणाला. "त्यो नवा व्हता. पूजा नाय, काय नाय."

"मुखवट्याचं कोण इचारतंय? चाल कुणाची वाजली?"

मुखवटा त्याने जिवापाड सांभाळला होता. चालीचं त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"नरसिंहाची," तो म्हणाला.

"चाल वाजली की देव उठतो. तू त्याला उठावलास, आन म्होरं कोण? गिलास घिऊन बसलेली मानसं. एक बाई तर त्याच्या खांद्यावर हात टाकून फोटू काढत व्हती."

"लक्षुमी आसंल रं ती," मागून कुणीतरी म्हणालं आणि ओटा हसला.

धाकलू म्हणाला, "मला वाजव म्हनला, म्या वाजावलं." त्याला एका नारळाच्या दंडावर सोडलं. सावळीरामकडून सोंग काढून घेतलं आणि त्याच्या चुलतभावाला, गेणूला, दिलं. "घरातच ऱ्हातंय ना," रावजीबाबा म्हणाले. गेणूने मान खाली घातली होती, पण हसू मिशीत मावत नव्हतं.

मुखवटा झुंबरबाईनेच माळ्यावरून काढला, डोक्यावर घेतला आणि गेणूच्या दारात नेऊन दिला. ती परत येताना सावळीराम वाटेत उभा होता.

"वाटलं व्हतं, साहेबाला नाय म्हनशील."

"म्हनलो व्हतो, आई."

"किती बारी?" एवढंच विचारून ती पुढे गेली.

शेखर साहेबांनी तोवर 'अस्सल बोहाडा' नावाची सहल काढून पाहुणेही भरले होते. बोहाडा बघायला कुणीही येऊ शकतं. सावळीरामची नोकरीच दाखवायची. तो पाहुण्यांना घेऊन पाड्यावर आला, पिकअपमधून प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणल्या, गणपतीपासून रावणापर्यंत एकेक सोंग समजावून दिलं आणि रिंगणाच्या कडेला त्यांच्यापुढे उकिडवा बसला.

उजाडायला लागलं तशी संबळाने चाल बदलली. अख्खा पाडा पायातलं काढून उभा राहिला. सावळीरामही हात जोडून उठला. वडिलांनी सोडल्यापासून तो कायम मुखवट्याच्या आत होता. नरसिंह समोरून येताना कसा दिसतो, हे तो विसरूनच गेला होता.

"ओ गाईड, खाली बसा ना! व्हिडिओत तुमचंच डोकं येतंय."

"देव येतोय, ताई. उभं राहायचं असतं."

"हो, पण आम्ही एवढ्या लांबून आलोय."

शेखर साहेबांनी खुर्चीतूनच हाताने खूण केली, बस, बस. समोर पाण्याचा तांब्या घेऊन झुंबरबाई उभी होती. ती गेणूकडे बघत नव्हती. ती इकडेच बघत होती.

सावळीराम खाली बसला. खुर्चीवरचे पाहुणे सोडले तर त्या वेळी पाड्यात बसलेला तो एकटाच होता.