स्टुलावर ठेवलेलं वजन

मांडीचं हाड मोडलेल्या माणसाला बरं करायला हाडांचं ज्ञान पुरत नाही, नातेवाइकांशी भांडायची ताकद लागते, हे मला नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षी कळलं. आमच्या पुस्तकात हाडं, स्नायू, सांधे, सगळ्यांची चित्रं होती. डबा घेऊन येणाऱ्या मावश्या, काका आणि शेजारी यांच्याबद्दल एक ओळ नव्हती.

बुऱ्हाणपूर नुकतंच नव्या मध्य प्रदेशात गेलं होतं. आमच्या इस्पितळाला ते कळलं कागदांवरून. एक्स-रेच्या फिल्मा संपल्या की मागणीपत्र नागपूरला जायचं आणि ‘यापुढे इकडे पाठवू नये’ असा शेरा घेऊन परत यायचं. मग भोपाळला. तिकडून उत्तर यायचं, नव्या नमुन्यात आणि हिंदीत पाठवा. तो नवा नमुना कुणीच पाहिला नव्हता. माझं अक्षर बरं म्हणून हे सगळं माझ्या गळ्यात. शिकायला आले होते शुश्रूषा आणि करत होते कारकुनी. वजनांचीही तीच तऱ्हा. डॉक्टर पौंडात सांगणार, कपाटात शेराची मापं, आणि आम्ही पोरी वाळूच्या पिशव्या शिवून तराजूवर जुळवत बसायचो.

त्यात हा विणकर आला. तापीपलीकडच्या जैनाबादचा, पंचविशीतला. शनवारा वेशीपाशी सुताचे गठ्ठे उतरवताना बैलगाडी उलटली आणि डाव्या मांडीचं हाड मोडलं. त्याचा हातमाग खड्ड्यात पाय सोडून चालवायचा, दोन्ही पायांनी आळीपाळीनं पावड्या दाबायच्या. पाय आखूड झाला तर मागावर बसणं संपलं. पहिल्याच दिवशी त्यानं मला एवढंच विचारलं, "सिस्टर, दोन्ही पाय बराबर राहतील ना?"

"राहतील," मी ठसक्यात म्हटलं. "आम्ही सांगतो तसं वागलात तर."

आम्ही सांगत होतो ते अवघड नव्हतं. मांडीचे स्नायू दणकट असतात. हाड मोडलं की ते आखडतात आणि मोडलेली टोकं एकमेकांवर चढवतात. हाड तसंच जुळलं की पाय कायमचा आखूड. म्हणून पायाला चिकटपट्टी लावायची, तिची दोरी कप्पीवरून घ्यायची आणि पलंगाच्या पायथ्याशी वजन टांगायचं. ते आठवडेच्या आठवडे अधांतरी लोंबलं पाहिजे. शिकवणाऱ्या सिस्टर रोज ओरडून सांगायच्या, आधी पायाची बोटं बघा, गरम आहेत का, हलतात का. आणि वजनाला हात लावायचा नाही!

आम्ही लावत नव्हतो. बाकी सगळं गाव लावत होतं. त्याचा काका आला, "पोराच्या पायाले धोंडा कायले बांधला?" म्हणाला आणि पिशवी उचलून गादीवर ठेवून गेला. एका शेजाऱ्यानं दोरीला आपली भाजीची थैली अडकवली आणि निवांत गप्पा मारत बसला. पण सगळ्यांवर ताण म्हणजे त्याची आई. ती रोज नदी ओलांडून डबा घेऊन यायची, आणि माझी पाठ वळली की वजनाखाली स्टूल सरकवायची.

"मावशी, हे काय केलंत?"

"दोन घडी इसावा दिला व बाई. कैद्यासारखं बांधून ठेवलं ना त्याले."

"विसावा नाही तो! पाय आखूड होईल त्याचा!"

"जिवाले तर बरं वाटते ना."

मी तिला दोन काड्या एकमेकींवर सरकवून दाखवल्या. चित्र काढलं. शेवटी हात जोडले. ती दर वेळी "समजलं बाई" म्हणायची आणि दुसऱ्या दिवशी स्टूल पुन्हा वजनाखाली. मी कपाळावर हात मारून घ्यायची. मायेनं माणसाचं नुकसान करणाऱ्या या बायकांना आवरायचं तरी कसं, असं मी मेसमध्ये तावातावानं बोलायची, आणि मैत्रिणी हसायच्या.

मग एका सकाळी मी त्याची चादर बदलत होते. दोघींचं काम मी एकटी करत होते, कारण जोडीदारीण दुसऱ्या वॉर्डात पाठवली होती. चादर पायाकडून निघेना. मी वजन उचललं आणि क्षणभर स्टुलावर ठेवलं. तेवढ्यात ऑफिसातून हाक आली, भोपाळचा कागद परत आलाय, लगेच या. मी चादर खोचली आणि गेले. तो नमुना नकलून काढण्यात दुपार झाली.

परत आले तेव्हा वॉर्डात सिस्टरांचा आवाज चढला होता. वजन स्टुलावर, आणि शेजारी डबा उघडून ती माय बसलेली.

"आज म्या नाही केलं," ती म्हणत होती. "देवाची आण, बाई, आज नाही केलं."

कोण विश्वास ठेवणार? मी दारात उभी होते. बोलले असते तर प्रशिक्षण सुटलं असतं, आणि ते मिळवायला मी घरी वर्षभर भांडले होते. मी विणकराकडे पाहिलं. मी वजन ठेवताना तो जागा होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग छताकडे पाहिलं आणि म्हणाला, "माय, जाय तू घरी." अजून कित्येक आठवडे त्याचं जेवण, अंग पुसणं, बेडपॅन, सगळं माझ्याच हातात होतं. तो बिचारा काय बोलणार?

मायला वॉर्डात यायला बंदी झाली. ती दारात डबा द्यायची आणि तिथूनच मान लांबवून बघायची. मला वाटलं होतं, चार दिवसांत सिस्टरांना सांगू. चार दिवस झाले, महिना झाला. फिल्म असती तर टोकं सरकल्याचं आधी कळलं असतं, पण फिल्मा आल्या नाहीत.

शेवटी वजन उतरवलं आणि डॉक्टरांनी फितीनं दोन्ही पाय मोजले. डावा बोटभर आखूड होता. मायच्या रोजच्या स्टुलानं झाला की माझ्या त्या एका सकाळच्या चुकीनं, हे कुणीच सांगू शकलं नसतं. मला मात्र तेव्हाही माहीत होतं आणि आजही माहीत आहे, की पाप दोघींचं होतं आणि ते अंगावर घ्यायला ती एकटीच उभी होती.

त्या दिवशी तिला आत येऊ दिलं. तिनं लेकाचा पाय चाचपला, मग माझे हात धरले.

"तुमी रागवत होत्या ते बराबर होतं बाई. माह्याच हातानं झालं. माफ करा."

लेक भिंतीकडे तोंड करून पडला होता.

"असू द्या मावशी," मी म्हणाले. "झालं ते झालं."

म्हणजे मी तिला माफ केलं!