शेपटीवरची रेघ

मॅडमच्या घरी, निर्मळ गावात, मोगऱ्याची वाडी होती, पण त्यांच्या केसांत मी कधी फूल पाहिलं नाही. तेल नाही, पावडर नाही. सणाला त्यांच्या आईने गजरा माळून पाठवलं, तर तो प्राणिघराच्या दाराबाहेर खिळ्याला अडकवून आत येत. "मावशी, उंदराला सगळा वास येतो. आज मोगरा, उद्या नाही. मग तो मोगऱ्याला बिचकला की दारूला, मला कसं कळणार?"

वसईत हायवेकडच्या एका कॉलेजात मी पिंजरे धुण्याच्या कामाला होते. शिक्षण चौथी. नवरा दारूने गेला म्हणून काम धरलं, आणि मिळालं ते उंदरांना दारू देणाऱ्या या मॅडमच्या हाताखाली. शेजारीण म्हणाली, "घरचा सुटला, आता हे पोसतेस व्हय?"

आमच्याकडे हळदीला दारू वाहते. चौदा-पंधराची मुलंही मंडपामागे घोट घेऊन येतात. मॅडम म्हणत, "मुलगा प्यायला की अंगावर जातो, मुलगी प्यायली की गप्प बसते, असं सगळे सांगतात. हे वयात येताना अंगात सुटणाऱ्या रसांमुळे होतं, की आपणच तसं शिकवतो? उंदराला कुणी शिकवलेलं नसतं." मी विचारलं, "मग काय निघालं?" "अजून माहीत नाही." हे त्यांचं ठरलेलं उत्तर. विभागाचे मोठे सर चिडवायचे, "काय म्हणतात तुमचे बेवडे?" तर त्यांनाही तेच.

उंदराचं वयात येणं दोन-अडीच आठवड्यांत उरकतं. मॅडम त्याआधीच शस्त्रक्रिया करून त्यांचा स्वतःचा रस बंद करत. मग निम्म्यांना बाहेरून तो रस तेलात घालून टोचायचा, निम्म्यांना नुसतं तेल. शेपटीवर लाल रेघ असलेल्यांना एका बाटलीतलं, निळी असलेल्यांना दुसरीतलं. नंतर दारू देऊन उंच फळीवर सोडायचं. कोण कडेपर्यंत जातो, कोण आतच बसून राहतो, कोण लटपटतो, ते मॅडम घड्याळ लावून लिहीत. कुठल्या बाटलीत रस आहे हे मात्र त्यांना ठाऊक नसे. ते माझ्या वहीत, माझ्या कपाटात. "मला कळलं तर माझे डोळे तेच बघतील. मी विचारलं तरी सांगू नका. तुम्ही कमी बोलता, म्हणून तुमच्याकडे दिलंय." माझ्या गप्प राहण्याला आजवर कुणी गुण म्हटलं नव्हतं.

रेघा उंदीर चाटून पुसतात. दर तिसऱ्या दिवशी त्या पुन्हा ओढायचं काम माझं. एका वेळी एकच पिंजरा उघडायचा, हा नियम. नवऱ्याच्या वर्षश्राद्धाला मला लवकर निघायचं होतं. मी दोन पिंजऱ्यांतले आठही नर एकाच टबात सोडले आणि पिंजरे धुवायला घेतले. परत येऊन बघते तर चार शेपट्या कोऱ्या. पांढरे उंदीर, सगळे सारखे. अंदाजाने मी त्यांवर रेघा ओढल्या, बाकीच्या चारही गिरवल्या आणि घरी गेले; आठांतले कोरे कुठले होते, तेही मग ओळखू येईना.

उद्या सांगू म्हटलं. उद्या मॅडम सुया भरत होत्या, मी भुसा पसरत राहिले. परवा सांगणं आणखी कठीण झालं. एक निळा रोज कडेवर जाऊन खाली वाकून बघायचा. मॅडम म्हणायच्या, "हा बघा मावशी, किती धीट." त्याच्यावरची रेघ त्याची की मी दिलेली, मला कळत नव्हतं.

बाराव्या दिवशी सांगितलं. मॅडमनी पेनाचं टोपण लावलं.

"किती?"

"आठ."

"आणि त्यानंतर सुया आपण त्याच रेघांवर दिल्या."

"हो."

मॅडमनी आपल्या नोंदींची पानं बारा दिवस मागे उलटली. मग म्हणाल्या, "त्याच दिवशी सांगितलं असतं, तर आठच बाजूला काढले असते. तेव्हा त्यांच्या जागी घ्यायला त्याच वयाचे होते. आता सगळेच मोठे झाले, मावशी."

ते दोन पिंजरे वगळले तर उरलेल्यांची तुलना उभी राहत नव्हती. प्रयोग मोडला, आणि नियमाप्रमाणे अठ्ठेचाळीसही उंदीर गॅसच्या पेटीतून गेले. मॅडमनी प्रत्येकाला स्वतःच्या हाताने ठेवलं. झाकण मी लावलं.

मॅडमच्या नोकरीची मुदत महिनाअखेर संपत होती आणि ती वाढवणं सरांच्या हातात होतं. सर प्राणिघरात येऊन म्हणाले, "आठ शेपट्यांचं काय घेऊन बसलात? घाला आकडे. कोण बघतंय?"

"मला तर माहीत आहे ना, सर. नाही घालता येणार."

"मग चूक कुणाची, ते तरी सांगा."

"खुणांची जबाबदारी माझी होती."

मी बाटल्यांचं टोपलं घेऊन तिथेच दारात उभी होते. मॅडमनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. सर निघून गेले.

महिनाअखेर मॅडमही गेल्या. मुदत वाढली नाही. नंदाखाल गावात शाळेच्या मुलांना शिकवतात, एवढं कानावर आलं. सरांची खोली प्राणिघरापासून बारा पावलांवर. पुढचं वर्षभर मी रोज तिच्यासमोरून पिंजरे नेले, पण चूक माझी होती हे सांगायला आत गेले नाही. आता तिथे दुसरे सर बसतात.