दुधाच्या किटलीतलं वटवाघूळ

गेल्या रविवारी सकाळी बाळूकाका आमच्या दारात आले, ते दुधाची मोठी किटली दोन्ही हातांनी धरून. किटलीला झाकण नव्हतं. तोंडाला दूध गाळायचं फडकं बांधलं होतं... आणि ते फडकं हलत होतं.

आम्ही उचगावात राहतो. बाळूकाका म्हणजे अण्णांचे, माझ्या वडिलांचे, फौंड्रीतले जुने जोडीदार. काकांनी नोकरी सोडून गावाकडं, हातकणंगल्याजवळ, म्हशी घेतल्या. आता आमच्या गल्लीत दोन वेळचा रतीब घालतात.

अण्णांना दमा आहे. कोरोनात ते ऑक्सिजनवर राहून परत आले, पण दम पुरता परत आला नाही. जिना चढताना मध्येच थांबतात आणि भिंतीवरचं कॅलेंडर बघितल्यासारखं करतात...

"वैनी, मोठं पातेलं काढा," काका आईला म्हणाले. "वटवाघूळ हाय, जित्तं. चिकूवर जाळी टाकलीया, तिच्यात गावलं. ह्याचा रस्सा तीन रविवार प्याला की दमा मुळापासनं जातोय. आमच्या आज्ज्याचा गेलता."

मला वटवाघळापेक्षा जास्त भीती वाटली ती अण्णांच्या चेहऱ्याची. त्यावर आशा होती.

मी म्हणालो, "काका, किटली तिथंच अंगणात ठेवा. उघडू नका."

"आलं बघा डॉक्टर," काका म्हणाले. "बारावी अर्धी सोडली म्हणून बरं, न्हायतर आमालाच सलाईन लावली असती."

मी शिकलो कमी, हे खरं आहे. पण ज्या आजारानं अण्णांना जवळजवळ नेलं होतं, त्याबद्दल मिळेल ते वाचून वहीत उतरवून ठेवलंय. त्यामुळे या एका विषयावर मी अडखळत नाही.

मी त्यांना सांगितलं, की वटवाघळांच्या अंगात कोरोनाच्या जातीचे बरेच विषाणू असतात. त्यांना स्वतःला काही होत नाही. त्यातले बहुतेक माणसापर्यंत कधी पोचतही नाहीत, आणि वटवाघूळ झाडावर असेपर्यंत आपल्याला घाबरायचं कारण नाही. पण आपण त्याला हातानं धरलं, कापलं, त्याची लाळ-रक्त अंगाला लागलं, तर एखाद्या नव्या विषाणूला आपणच वाट करून देतो. कधी तो मध्ये दुसऱ्या जनावरात शिरतो आणि तिथून माणसात येतो.

"व्हय रं, पण आमच्या आज्ज्याला काय झालं न्हाय की."

"बहुतेक वेळा काहीच होत नाही, काका. पण एकदा झालं की काय होतं, ते आपण बघितलंय."

यावर अण्णा पहिल्यांदा बोलले. "मला ते होऊन गेलंय. आता आणि काय व्हायचंय? दम्याचा पंप ओढून कंटाळा आलाय मला."

मी काकांच्या हातातली किटली घ्यायला पुढं झालो.

तेवढ्यात काकांच्या अंगठ्यावर ताजा ओरखडा दिसला, आणि माझी नजर तिथून किटलीवर गेली. मी विचारलं, "काका, संध्याकाळचं दूध कशातनं आणणार?"

"हिच्यातनंच की. कढत पाण्यानं धुणार."

आई तोवर चौकटीत उभी राहून ऐकत होती. ती शांतपणे म्हणाली, "भावजी, हिच्यातलंच दूध समोरच्या बाळंतिणीला जातंय न्हवं?"

ज्या माणसानं आजवर दुधात पाण्याचा थेंब घातला नाही, आणि हे जो गल्लीला दिवसातनं दोनदा ऐकवतो, तो माणूस त्या हलणाऱ्या फडक्याकडं बघत राहिला. मग काका म्हणाले, "काय करायचं सांग."

आधी त्यांना नळाखाली साबणानं हात धुवायला लावला, चांगला पंधरा मिनिटं. वनखात्याला फोन केला. जाड हातमोजे घातलेले एक गृहस्थ आले, त्यांनी वटवाघूळ पेटीत घेतलं. पंख जरासा फाटला होता, बरा होईल म्हणाले. किटली काकांनी परत नेली नाही.

मग मी काकांना गाडीवर घालून सरकारी दवाखान्यात नेलं. वटवाघळानं ओरबाडलं की रेबीजचं इंजेक्शन घ्यावंच लागतं. काकांनी तिथल्या डॉक्टरीणबाईंना काही न लपवता सगळं सांगितलं, अगदी रश्श्यासकट. बाई रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "ज्यांच्यासाठी हे केलंत, त्यांना उद्या घेऊन या."

सोमवारी अण्णा दवाखान्यात गेले. मी म्हणालो असतो तर गेले नसते, काकांनी नेलं म्हणून गेले.

बाईंनी त्यांना समोर बसवून पंप ओढायला सांगितला, आणि दोन मिनिटांत चूक सापडली. पंप सावकाश ओढून श्वास आत धरून ठेवायचा असतो. अण्णा घाईनं ओढत होते आणि लगेच सोडत होते. औषध छातीत पोचतच नव्हतं.

मी वटवाघळातल्या विषाणूंची माहिती वहीत उतरवत बसलो होतो. आणि त्याच खोलीत, माझ्या समोर, माझे वडील रोज चुकीचा पंप ओढत होते... ते मी कधी नीट बघितलंच नव्हतं.

दमा गेलेला नाही, जाणारही नाही. पण बाईंनी औषधही थोडं बदललंय आणि रात्रीची झोप लागायला लागली आहे.

रानातलं जनावर रानातच असू द्यावं, याबद्दल माझ्या मनात आता जराही शंका नाही. कुणी असा रस्सा घरी आणला तर मी पुन्हा दारातच अडवीन. फक्त आणणाऱ्यावर हसणार नाही. आमच्या घरी तो धोका आणला होता, तो अण्णांची धाप ज्याला बघवत नव्हती अशा माणसानं.

आता रोज सकाळी काका नव्या किटलीतून दूध घालतात आणि निघायच्या आधी अण्णांच्या समोर उभे राहतात. अण्णा पंप ओढतात, श्वास धरतात, आणि काका साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात दहापर्यंत आकडे म्हणतात.

काका, तुमचे आभार तोंडावर मानायला जमलं नाही... म्हणून इथं मानतो.