उतारावरच्या घरांचा वाटा

सोसायटीत त्यांना सगळे टॉवरकाका म्हणत. नोकरी मोबाइल कंपनीत, त्यामुळे कुणाचाही फोन मध्येच तुटला की खापर काकांच्या डोक्यावर. लिफ्टमध्ये शेजारी मोबाइलच पुढे करायचे, "काका, एकच दांडी आहे बघा!" काका म्हणायचे, "लिफ्टमध्ये सगळेच टॉवर दांडी मारतात."

खरं तर काका टॉवरवर कधी चढलेच नव्हते. त्यांचं काम ऑफिसात, स्क्रीनसमोर. एका टॉवरखाली शेकडो फोन; त्यातल्या कुणाला कधी आणि किती वेळ द्यायचा, हे ठरवणारं सॉफ्टवेअर ते सांभाळत. प्रत्येक फोन टॉवरला अधूनमधून एक छोटा आकडा कळवतो, मला तुझं कितपत नीट ऐकू येतंय. सगळेच फोन सारखे कळवत बसले, तर कळवण्यातच वेळ संपेल. म्हणून आकडा त्रोटक, आणि पोचेपर्यंत थोडा शिळा. त्यावरच वाटणी होते, आणि ज्याचा आकडा चांगला त्याच्या ताटात जास्त पडतं.

काकांची थोरली बहीण शहराबाहेरच्या दगडखाणीपलीकडे, उतारावर एकटी राहायची. रविवारी फोन व्हायचा. "ताई, कशी आहेस?" तिकडून खरखर, तुटके शब्द, आणि त्यात एक "बरी आहे" तेवढं कळायचं.

त्या उतारावरून तक्रारी वाढल्या तेव्हा काकांनी खोलात जाऊन पाहिलं. खाणीचे ट्रक आडवे आले की तिथला सिग्नल घसरे, आणि टॉवर मात्र मघाच्या आकड्यावर विसंबून भरधाव पाठवत राही. निम्मं पोचतच नसे. काका उठले आणि साहेबीणबाईंच्या केबिनमध्ये गेले.

"मॅडम, ज्यांचे आकडे सारखे खालीवर होतात, त्यांच्या आकड्यावर थोडा कमी भरवसा ठेवू. जरा सावकाश पाठवू. आणि टोकाच्या फोनांना थोडा वाटा राखून ठेवू."

"म्हणजे सरासरी वेग पडणार. वरच्या साहेबांना तेवढाच दिसतो, काका."

"पडेल. आणि माझी बहीण तिथेच राहते, हेही आधीच सांगतो. नंतर कळलं तर वशिला वाटायचा."

मॅडमना हसू आलं. "एक टॉवर, एक आठवडा. बोंब झाली तर मी तुम्हाला ओळखत नाही."

त्या आठवड्यातल्या रविवारी काकांनी नेहमीसारखा फोन लावला. आवाज अगदी शेजारच्या खोलीतून यावा तसा. ताई दोन शब्द बोलायची, थांबायची, मग पुढचे दोन. थांबली की छातीत बारीक शीळ वाजल्यासारखं ऐकू यायचं.

"ताई, जिना चढून आलीस का?"

"नाही रे, खुर्चीत बसलेय."

"मग धाप का लागलीय?"

ताईने उलट विचारलं, "आज तुला सगळं ऐकू येतंय होय?"

"कधीपासून होतंय हे?"

"झाले काही महिने. म्हटलं, तुला कशाला घोर? लाईन खराब होती, ते एका अर्थी बरंच होतं."

काकांनी फोन ठेवला. बायकोने विचारलं तेव्हा नुसतं "ताई" एवढंच म्हणाले आणि दाराकडे वळले. "अहो, चपला तरी घाला!" म्हणत तीही मागोमाग निघाली. तडक उतारावर जाऊन दोघांनी ताईला उचलूनच दवाखान्यात नेलं. हृदय थकलं होतं, फुप्फुसात पाणी साठत होतं. "आणलंत ते बरं केलंत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "औषधांनी आटोक्यात राहील."

इकडे बोंब झालीच. टॉवरच्या पायथ्याचे दुकानदार व्हिडिओ अडकतात म्हणून भांडायला आले. वरून खुलासा मागवला गेला. मॅडमनी काकांचं नाव न घेता स्वतःच उत्तर पाठवलं. राखीव वाटा निम्म्यावर आला, पण राहिला. सावकाश पाठवणं तसंच चालू राहिलं. उतारावरचे फोन तुटायचे तसे अजूनही तुटतात, पण कमी.

ताई महिनाभर भावाकडे राहिली आणि "तुमच्या सोसायटीत झोप लागत नाही" म्हणून आपल्या घरी परतली. गोळ्या घेते. कधी विसरतेही. विसरल्याचं सांगायला मात्र भावाला नाही, भावजयीला फोन करते.