दिवसा लावलेलं दार

सन १९८१. मी अठ्ठावन्न वर्षांचा. चर्च बांधायला गवंडी म्हणून आफ्रिकेतल्या एका खेड्यात गेलो होतो. तिथं भूक फार. मी भाकरी थापली की दारात माणसं येत, आणि प्रभूचं नाव घेणाऱ्यानं नाही कसं म्हणायचं? देता देता मीच उपाशी राहू लागलो. एका दुपारी कडी लावून जेवायला बसलो.

बाहेर कुजबुज सुरू झाली. फटीतून बघतो तर अंगण माणसांनी भरलेलं. आता दार मोडतात, वाटलं. ज्यांना भाऊबहीण म्हणतो, त्यांचीच एवढी भीती वाटावी?

शेजारची म्हातारी एस्तेर ओरडली, "बाबा, जिवंत आहेस का?"

दार उघडलं तशी ती भडकली. "इथं दिवसा दार लागतं ते माणूस मेल्यावर! आम्ही रडायला आलो, आणि तुझ्या तोंडाला कालवण!"

सगळे हसले. माणसांची भीती गेली, पण पिठाच्या रिकाम्या डब्याची कशी जाणार? किती द्यायचं ते कुणी शिकवलं नाही, आणि विचारायला जाणारा मी नव्हे.

दुसऱ्या दिवशी सकाळी चूल अंगणात मांडली. चार भाकरी वाटल्या. पाचवी हातात धरून म्हणालो, "ही माझी," आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत खाल्ली.