बारवेचं माप
वहिदाबाईंनी आवाज चढवलेला मी कधी ऐकला नव्हता. त्या दिवशी चढवला, तोही तहसीलच्या कारकुनावर.

लातूर जिल्हा नवा झाला, त्यानंतरचा पहिला उन्हाळा. झरे आटलेले, गावाला एकच बारव. कारकून व्यंकटरावांनी पायऱ्या उतरायचे कष्टच घेतले नाहीत. वरूनच मापं घेतली. तोंड बारा मीटर चौरस, दोरी सोडून पाहिलं तर पाणी तीन मीटर खोल. गुणाकार केला नि लिहिलं, ‘अठ्ठेचाळीस दिवस पुरेल. टँकर नको.’ कागद उद्या जिल्ह्याला जाणार होता.

“साहेब, बारव खाली निमुळती आहे!” बाई ओरडल्या.

नांदेडला त्यांचे वडील हनीफचाचा पत्र्याची नरसाळी बनवायचे. तोंड बघून माप सांगितलं की पोरीवर डाफरायचे. ती गणितात बी.एस्सी. होऊन आमच्या शाळेत आली, तरी तो धाक गेला नव्हता. आम्ही दोघं खाली उतरलो. मी मराठीचा मास्तर, फीत धरायच्याच लायकीचा. पाण्यापाशी बारव सहा मीटर चौरस भरली. बांबूने चाचपली तर तळाशी तीन.

“खाली जावं तसा चौकोन लहान होतो, मास्तर. पाण्याचे कागदाएवढे पातळ थर कल्पायचे आणि सगळ्यांची बेरीज करायची. त्यालाच संकलन म्हणतात.”

उत्तर आलं त्रेसष्ट हजार लिटर. गावाला रोज नऊ हजार लागत. म्हणजे सात दिवस!

व्यंकटराव हसले. “आकडे काय, कुनीबी मांडतंय.”

बाईंनी पाण्यात बांबू रोवला आणि पातळीखाली सव्वीस सेंटिमीटरवर लाल दोरा बांधला. “संध्याकाळी पाणी इथं येईल. तुमचं खरं असेल तर सहाच सेंटिमीटर उतरेल.”

दिवसभर उपसा चालला. बारवेशेजारच्या नागुबाई पंधरा लिटरच्या प्रत्येक घागरीला एक चिंचोका टाकत होत्या. दुपारपर्यंत दोरा बुडालेलाच होता. व्यंकटराव सारखे घड्याळ बघत होते. बाई पायरीवरून हलल्या नाहीत.

सहाशेवा चिंचोका पडला, तेव्हा पाणी दोऱ्याला टेकलं होतं.

व्यंकटराव स्वतः खाली उतरले, वाकून पाहिलं आणि कागदावर काट मारून ‘टँकर हवा’ असं लिहिलं. मी टाळी वाजवली. दुसऱ्या कुणीच वाजवली नाही.

नागुबाई पाण्याकडे बघत म्हणाल्या, “टँकर येईल, व्हय. पन बाई, तुमचं चुकाया पायजे होतं. पानी तरी ऱ्हायलं असतं.”

“मीही सकाळपासून तेच मागत होते,” वहिदाबाई म्हणाल्या आणि दोरा सोडू लागल्या.